मिरजेहून चेन्नईला बिऱ्हाड हलवताना: आम्ही जिथे जिथे आपटलो ते सगळं

जुलै २०२२. ट्रक खाली उभा, हमाल वैतागलेले, अंगाला चिकटणारं दमट ऊन, आणि घरमालकीणबाई दारात आडव्या उभ्या राहून म्हणतायत, "फर्स्ट पाल बॉईल पण्णुंगा, देन ओन्ली सामान." मी नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्याने भिंतीकडे बघितलं, आणि मुलगी तर थेट माझ्या कमरेवर चढली. पाच मिनिटांनी उलगडा झाला की तमिळमध्ये पाल म्हणजे दूध. नव्या घरात आधी दूध उतू घालायचं आणि मग सामान आत घ्यायचं. म्हणजे आपण वास्तुशांतीला करतो तेच की!

तेव्हापासून माझं एक मत झालंय. तिकडची लिपी वेगळी, जेवण वेगळं, हवा वेगळी, याची मनाची तयारी करून आपण जातोच. फजिती होते ती सारखं वाटतं तिथे. शब्द तोच पण अर्थ भलताच, सण तोच पण सुट्टी दुसऱ्याच दिवशी, फॉर्म तोच पण नावाचा रकाना वेगळा. तीन वर्षांहून जास्त काळ इथे काढल्यावर हे लिहितीये, आम्ही मिरजेचे असलो तरी पुणे, नाशिक, नागपूर कुठूनही येणार असाल तरी लागू पडेल.

१. निघायच्या आधी, आपल्याच गावात उरकायची कामं

ही यादी कंटाळवाणी आहे पण इथेच आळस केला तर नंतर जाऊन-येऊन जवळजवळ दोन हजार किलोमीटरचा हेलपाटा पडतो, आमचा एक पडला.

- मुलांचा शाळा सोडल्याचा दाखला. राज्याबाहेर जातोय हे शाळेला स्पष्ट सांगा आणि त्यावर शिक्षण खात्याची प्रतिस्वाक्षरी लागेल का ते दोन्ही शाळांना विचारा. स्टेट बोर्डाच्या शाळेतून जाताय तर बहुतेक लागतेच. आम्ही विचारलं नाही, आमचा हेलपाटा तो हाच.
- जन्मदाखला, लग्नाचा दाखला वगैरे फक्त मराठीत असतील तर इंग्रजी भाषांतर नोटरी करून घ्या. आपल्याला वाटतं देवनागरी आहे, कोणीतरी वाचेलच. नाही वाचत कोणी.
- गॅस कनेक्शन: सिलेंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करून ट्रान्सफरचं व्हाउचर घ्यायचं, जुनं डिपॉझिट परत मिळतं. रेग्युलेटर सामानात बांधून नेऊ नका.
- गाडी नेत असाल तर आरटीओची एनओसी (सगळं पुढे ९ नंबरला).
- आधार, पॅन, पासपोर्ट फोटो, कंपनीचं जॉइनिंग लेटर, बँकेचं स्टेटमेंट, प्रत्येकाच्या पाच-सहा झेरॉक्स.
- जातीचा दाखला, डोमिसाईल, सगळं मूळ स्वरूपात जवळ ठेवा, पण एक लक्षात घ्या: महाराष्ट्राच्या जातीच्या दाखल्यावर तमिळनाडूच्या राज्य कोट्यातलं आरक्षण मिळत नाही. केंद्राच्या जागांचा हिशेब वेगळा, तिथे केंद्राची यादी आणि केंद्राचा नमुना.

आणि मुलं आठवी-नववीत असतील तर थांबून विचार करा. महाराष्ट्रात मेडिकलच्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी दहावी आणि बारावी महाराष्ट्रातूनच झालेली असावी लागते (काही सरकारी नोकरांच्या मुलांना सूट आहे). दहावी चेन्नईत केली आणि मग बारावीला परत येऊ, असा सरळ हिशेब करून चालत नाही. हे शिफ्ट होताना कोणीच सांगत नाही, दोन वर्षांनी कळतं.

२. घर शोधताना आधी महिना बघा, मग भाडं

आम्ही १० जुलैला आलो, म्हटलं आठवडाभर निवांत घरं बघू. ब्रोकर म्हणाला, "सोळा तारखेच्या आत शिरा नाहीतर ऑगस्टच्या मध्यानंतर." मला वाटलं घाई करून गळ्यात मारतोय. खरं कारण आडि. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत तमिळ आडि महिना असतो, त्यात लोक लग्नं करत नाहीत, नव्या घरात जात नाहीत. मार्गळी म्हणजे डिसेंबर मध्य ते जानेवारी मध्य, त्यातही तेच. आपला चातुर्मास किंवा पितृपक्ष डोळ्यासमोर आणा, फक्त तारखा जुळवायला जाऊ नका, कारण त्यांचे महिने सूर्याच्या संक्रांतीवर चालतात आणि आपले चंद्रावर. सगळेच मालक पाळतात असं नाही, मोठ्या सोसायट्यांत कोणी बघतही नाही, पण स्वतंत्र घर आणि वर मालक राहणारा असेल तर तो राहुकाळ बघूनच किल्ली देणार. आमची किल्ली संध्याकाळी साडेचारला हातात आली, दुपारी तीन ते साडेचार राहुकाळ होता म्हणून. मंगळवार होता. मंगळवारी तो त्याच वेळेला असतो, हे आता मला पाठ झालंय.

आता पैशाचं. इथे डिपॉझिट म्हणत नाहीत, "अ‍ॅडव्हान्स" म्हणतात. पहिल्या फोनवर मालक म्हणाले "टेन मंथ्स अ‍ॅडव्हान्स" आणि आम्ही म्हटलं आगाऊ दहा महिन्यांचं भाडं का देऊ बाबा! तर ते परत मिळणारं डिपॉझिटच. सहा ते दहा महिने मागायची इथली जुनी पद्धत आहे. राज्याचा २०१७ चा भाडेकरू कायदा २०१९ पासून लागू झालाय, त्यात करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर तीन महिन्यांच्या भाड्याएवढी मर्यादा आहे. वाक्य नीट वाचा, "करारात वेगळं ठरलं नसेल तर". त्यामुळे ती मर्यादा घासाघीस करायला कामाला येते, भांडायला नाही. आम्ही दहाचे पाच करून घेतले.

करारात या ओळी आहेत का बघा: घर सोडताना पेंटिंगचे किती कापणार (बऱ्याचदा एक महिन्याचं भाडं), मेंटेनन्स भाड्यात की वेगळा, अ‍ॅडव्हान्स किती दिवसांत परत. आणि करार भाडे प्राधिकरणाकडे नोंदवायचा असतो, ते ऑनलाईन होतं, मालक टाळाटाळ करतील पण तुम्ही लावून धरा.

"वेज-आ, नॉनवेज-आ?" हा प्रश्न येणारच. शब्दाच्या शेवटी "आ" लावला की तमिळमध्ये प्रश्न तयार होतो, आपल्या "का" सारखा. या प्रश्नाला खरं उत्तर द्या. खोटं सांगून घर मिळवलेल्या एका ओळखीच्या जोडप्याला सहा महिन्यांत पुन्हा ट्रक बोलवावा लागला.

३. घर बघायला गेल्यावर नळ उघडा

हॉल किती मोठा, बाल्कनी कुठे, हे नंतर. आधी नळ उघडून पाणी तोंडात घेऊन बघा, खरंच. किनाऱ्याजवळच्या बऱ्याच भागात बोअरचं पाणी खारट असतं, त्यात डाळ शिजत नाही, केस राठ होतात, नळांवर पांढरा थर बसतो. विचारायचे प्रश्न: मेट्रो वॉटर येतं का (हे महापालिकेच्या नळासारखं, मेट्रो रेल्वेशी संबंध नाही, मी तोही घोळ घातलाय), बोअर किती खारट, उन्हाळ्यात टँकर लागतो का आणि त्याचे पैसे कोण देतं. टँकरला इथे "लॉरी" म्हणतात. प्यायला बहुतेक लोक २० लिटरचे कॅन घेतात.

मी मिरजेची, २०१६ ला आमच्या स्टेशनवरून लातूरला पाण्याची रेल्वे सुटायची ते डोळ्यांनी बघितलंय. चेन्नईला २०१९ च्या जुलैत तशीच रेल्वे जोलारपेट्टैहून आणावी लागली होती. आणि याच शहरात डिसेंबर २०१५ ला आणि नंतर डिसेंबर २०२३ ला मिचौंग वादळात लोकांच्या घरात कमरेएवढं पाणी. वेळचेरी, मुडिचूर, पळ्ळिकरणैच्या दलदलीच्या आसपासचा भाग असेल तर तळमजला घेऊच नका. ब्रोकरला विचारू नका, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला विचारा की २०१५ ला पाणी कुठपर्यंत आलं होतं, तो भिंतीवर हात ठेवून दाखवेल.

वीज म्हणजे "ईबी". "ईबी बिल", "ईबी ऑफिस", आणि वीज गेली की "करंट इल्लै". बिल दोन महिन्यांनी येतं, घरगुती वापराला दोन महिन्यांत पहिली १०० युनिट फुकट आहेत. पण ५०० युनिटच्या वर गेलात की खालच्या टप्प्यांचाही दर बदलतो, म्हणजे एका युनिटसाठी बिल उडी मारतं. एसी असलेल्या घरात मे महिन्यात हे हमखास होतं. काही मालक मीटर स्वतःकडे ठेवून युनिटमागे स्वतःचा दर लावतात, त्यामुळे वेगळं मीटर आहे का हे आधीच विचारा.

पावसाबद्दल एकच. आपला पाऊस जून ते सप्टेंबर, इथला मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. दिवाळीचे कपडे वाळत नाहीत.

४. नावाचा घोळ (हा भाग सोडू नका)

तमिळ लोक सहसा आडनाव लावत नाहीत. स्वतःचं नाव आणि पुढे वडिलांच्या नावाचं पहिलं अक्षर, ते "इनिशियल". त्यामुळे फॉर्मवर "इनिशियल" असा रकाना असतो आणि आपण तिथे गोंधळतो. आपलं तीन पदरी नाव बघून कारकुनाला वाटतं शेवटचं आडनाव हे वडिलांचं नाव असणार. शिवाय आपल्या दहावीच्या मार्कलिस्टवर आडनाव आधी छापलेलं असतं, पॅनवर शेवटी. त्याला ती दोन वेगळी माणसं वाटतात, त्यात त्याचा दोष नाही.

दुसरा घोळ स्पेलिंगचा. तमिळ लिपीत त, थ, द, ध ला एकच अक्षर आहे, आणि इंग्रजीत लिहिताना ते "टी" म्हणजे ट आणि "टीएच" म्हणजे त असं धरतात. म्हणून सविता, स्मिता, सुनीता या सगळ्यांच्या "टी"पुढे एक "एच" आपोआप येऊन बसतो. तुम्ही "एच" शिवाय लिहिलं तर तुम्हाला "सविटा" म्हणून हाक मारतील. हाक मारू देत, पण कागदावर तो "एच" येऊ देऊ नका. माझ्या बँकेच्या पासबुकावर आला आणि मग आधारशी जुळेना, दीड महिना त्यात गेला.

काय करायचं:
१) पासपोर्ट किंवा आधारवरचं नाव हे "मूळ" धरा, सगळीकडे अक्षर न अक्षर तेच.
२) इनिशियलच्या रकान्यात सक्ती नसेल तर रेघ मारा, असेल तर वडिलांच्या (मुलांच्या बाबतीत तुमच्या नवऱ्याच्या) नावाचं पहिलं अक्षर, आडनावाचं नाही.
३) शाळेत मुलाचं नाव जन्मदाखल्याप्रमाणे पूर्ण लिहून घ्या आणि हजेरीपटाचा फोटो मागा. पहिल्याच आठवड्यात, कारण बोर्डाच्या परीक्षेच्या वेळी दुरुस्ती म्हणजे डोक्याला ताप.

आधारवरचा पत्ता बदलायला नवरा-बायको दोघांच्या नावावर भाडेकरार नसेल तर कुटुंबप्रमुखाच्या संमतीने दुसऱ्याचा पत्ता ऑनलाईन बदलता येतो, नात्याचा पुरावा लागतो. मतदार यादीसाठी फॉर्म ८.

५. भाषा: हिंदीने सुरुवात करू नका

आपल्याला मुंबईत एखादा रिक्षावाला थेट हिंदीत बोलला की काय वाटतं? बास, तेच. इथे त्याला इतिहासही आहे, हिंदी सक्तीविरुद्ध १९३७ ते ४० आणि पुन्हा १९६५ ला मोठी आंदोलनं झाली, माणसं गेली. याचा अर्थ हिंदी बोललात की कोणी अंगावर येतं असा नाही, मला तीन वर्षांत एकदाही तसा अनुभव नाही. फक्त समोरचा मिटतो. तोच माणूस मोडक्या तमिळवर खुलतो आणि मग स्वतःहून हिंदीतही बोलतो, हे मी इतक्या वेळा बघितलंय की हसू येतं.

आपल्याकडे एक गोष्ट फुकटची आहे, आपल्याला ळ येतो. "तमिळ" मधला ळ तसा वेगळाच आहे, जीभ अजून मागे न्यावी लागते, पण "तमिल" म्हणणाऱ्यांपेक्षा आपण बरेच जवळ असतो.

पहिल्या महिन्यात एवढं पुरतं:
- एव्वळो? = किती?
- इरुक्का? = आहे का? उत्तर "इरुक्कु" किंवा "इल्लै"
- वेंडाम = नको, पोदुम = पुरे
- नेरा = सरळ (रिक्षात), निरुत्तुंगा = थांबवा
- तमिळ कोंजम कोंजम तेरियुम = तमिळ थोडं थोडं येतं
- साप्टिंगळा? = जेवलात का? (हा प्रश्न म्हणजे नमस्कारच, कोणी तुम्हाला जेवायला वाढणार नाहीये)

आदरार्थी क्रियापदाला शेवटी "ंगा" लागतं. वांगा म्हणजे या, पोंगा म्हणजे जा, सोल्लुंगा म्हणजे सांगा. आपल्या "सांगा" सारखंच कानाला लागतं म्हणून लवकर बसतं. "ंगा" गाळलं की ते "ये", "जा", "सांग" होतं, म्हणजे अरेतुरे. मी वॉचमनकाकांना पंधरा दिवस "पो, पो" म्हणत होते आणि ते बिचारे निमूट जात होते.

आणि हे सापळे:

पाल तर सांगितलंच. नाय म्हणजे कुत्रा, मुंबईकडच्यांनी "नाय नाय" करताना जपून. आई: लहान मुलांच्या तमिळमध्ये "आय" म्हणजे शी. माझी मुलगी खाली खेळताना "आई, आईऽ" ओरडली की शेजारणी तिला उचलून बाथरूमकडे पळायच्या, दोन वेळा झालं हे. मामा: आपण ट्रॅफिक हवालदारापासून कंडक्टरपर्यंत सगळ्यांना मामा म्हणतो, इथे अनोळखी माणसाला म्हणू नका, बोलीभाषेत त्याला एक घाणेरडा अर्थही आहे. रिक्षावाला, भाजीवाला, वॉचमन, सगळे "अण्णा". बायका "अक्का", वयस्कर असतील तर "अम्मा". आमच्या सांगली-कोल्हापूरकडे अण्णा आणि अक्का घराघरात असतात त्यामुळे माझ्या तोंडात ते पहिल्या दिवसापासून बसलं.

सगळ्यात आवडलेलं सांगते. घरातून निघताना इथे "जातो" म्हणत नाहीत, "पोयिट्टु वरेन" म्हणजे जाऊन येतो. आपण "येतो हं" म्हणतो तेच. मी पहिल्यांदा चुकून "पोरेन", म्हणजे नुसतं "जाते" म्हटलं तेव्हा मालकीणबाईंनी दारातून परत बोलावून वाक्य दुरुस्त करून घेतलं, अगदी माझ्या आजीसारखं.

शाळेत तमिळ विषय येणार, २००६ च्या कायद्याने दहावीपर्यंत टप्प्याटप्प्याने सक्तीचा झालाय, आपल्याकडेही २०२० पासून मराठी सक्तीची आहेच. प्रवेश घेताना एकच विचारा: मधल्या इयत्तेत आलेल्या मुलाला पहिलीचं पुस्तक देता की थेट तिसरीचं? आमच्या शाळेने थेट तिसरीचं दिलं. मग एक कॉलेजची मुलगी संध्याकाळी शिकवायला ठेवली, सहा महिन्यांत मुलगी दुकानांच्या पाट्या वाचायला लागली, मी अजून अडखळते.

६. किराणा

नावं पाठ करा, दुकानदार शोधत बसणार नाही. तूरडाळ म्हणजे तुवरम परुप्पु, हरभरा डाळ कडलै परुप्पु, शेंगदाणे वेरकडलै, गूळ वेल्लम, पोहे अवल, साबुदाणा जव्वरिसी. साबुदाण्याची काळजी करू नका, आपण उपासाला खातो तो बराचसा याच राज्यातल्या सेलमचा असतो.

मोठा सापळा तांदूळ. पच्चरिसी म्हणजे साधा, पुळुंगल अरिसी म्हणजे उकडा. "पोन्नी" मध्ये दोन्ही प्रकार मिळतात. आम्ही न विचारता २५ किलोचं पोतं उचललं ते उकड्याचं निघालं, वरणभाताला काही केल्या तो लागेना, शेवटी इडलीत संपवला आणि इडल्या मात्र आयुष्यात पहिल्यांदा मऊ झाल्या.

तूप मागायचं असेल तर "नेय्". "तुप्पु" म्हणजे थुंक. हे मी दुकानात शिकले, कसं ते विचारू नका. ज्वारीचं पीठ, काळा मसाला आणि कोकम गावाहूनच आणा.

७. सण: तारखा पुन्हा तपासा

दिवाळी इथे एका दिवसाची. तीही नरकचतुर्दशीची, पहाटे तेल लावून अंघोळ, नवे कपडे, फटाके, आणि एकमेकांना विचारायचं "गंगास्नानम आच्चा?" म्हणजे गंगास्नान झालं का. आपली पहिली अंघोळ ती हीच, त्यामुळे त्या पहाटे अगदी घरच्यासारखं वाटतं. पण मग लक्ष्मीपूजन कधी त्याच दिवशी येतं, कधी दुसऱ्या, आणि पाडवा-भाऊबीज सरळ कामाचे दिवस. पहिल्या वर्षी नवऱ्याने भाऊबीजेला सुट्टी गृहीत धरली आणि मॅनेजरने विचारलं, "विच फेस्टिवल?" वर्षाच्या सुरुवातीलाच सुट्ट्यांची यादी घेऊन बसा. गुढीपाडव्याला मात्र "तेलुगु वर्षारंभ" म्हणून सुट्टी असते, तमिळ नवं वर्ष त्यानंतर १४ एप्रिलच्या सुमारास. गणपतीला विनायक चतुर्थीची एक दिवस सुट्टी आणि मातीच्या मूर्ती रस्त्यावर भरपूर मिळतात. दीड दिवसांचा आम्ही बसवतो. मोदक इथेही करतात, नाव कोळुकट्टै.

संक्रांत म्हणजे पोंगल, तीन-चार दिवस शहर बंद. दूध, भाजी, कॅन आधी भरून ठेवा.

नवरात्रात गोलू असतो, पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, आणि बायका एकमेकींना बोलावतात. अगदी आपलं चैत्रातलं हळदीकुंकू: कुंकू, पान-सुपारी, आणि सुंडल म्हणजे उसळीसारखं काहीतरी. बोलावलं तर जा, रिकाम्या हाताने जाऊ नका आणि रिकाम्या हाताने परतणारही नाही. तिथे गाणं म्हणायचा आग्रह होतो. मी घाबरत घाबरत एक अभंग म्हटला तर सत्तरीच्या एक आजी मराठीत म्हणाल्या, "बेस म्हट्लीस." तंजावरच्या मराठी. त्यांची मराठी ऐकायला पहिल्यांदा जड जाते, शब्द जुने, हेल तमिळ. व्यंकोजीराजांपासून, म्हणजे सतराव्या शतकापासून ही माणसं इथे आहेत, तंजावरच्या मोठ्या देवळाच्या भिंतीवर भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरलाय १८०३ सालचा. सवड काढून बघून याच.

८. दार, चप्पल, फूल

चप्पल दाराबाहेर, काही छोट्या दुकानांत आणि दवाखान्यांतसुद्धा, बाहेर जोड दिसले की काढा. पहाटे दारात कोलम म्हणजे रांगोळी असते, त्यावर पाय नको. पैसे डाव्या हाताने देऊ नका. पानावर जेवलात तर उठताना पान आपल्याकडे दुमडा. मोगऱ्याचा गजरा कोपरापासून बोटांपर्यंत हात मोजून विकतात, त्याला मुळम म्हणतात, आणि विकणाऱ्या अक्काचा हात लांब असेल तर तुमचं नशीब.

९. गाडी

एमएच पाटीवर १२ महिन्यांपर्यंत चालतं, त्याहून जास्त राहणार असाल तर नवी नोंदणी कायद्याने लागते. क्रम असा: महाराष्ट्रातल्या आरटीओतून फॉर्म २८ वर एनओसी (कर्ज असेल तर आधी बँकेची), मग इथे फॉर्म २७, इथला रोड टॅक्स गाडीच्या वयाप्रमाणे, आणि त्यानंतर महाराष्ट्रात भरलेल्या टॅक्सच्या उरलेल्या भागाचा परतावा मागायचा. हा शेवटचा टप्पा लोक कंटाळून सोडून देतात. गाडी पाच-सहा वर्षं जुनी असेल तर माझं मत, विकून या. आणि नवीन घेणार असाल व कंपनीची ऑफिसं चार किंवा जास्त राज्यांत असतील तर बीएच सिरीज (राज्य बदललं तरी पुन्हा नोंदणी न लागणारा नंबर) विचारा.

लायसन्सला काही करावं लागत नाही, देशभर चालतं. बायकांना साध्या भाड्याच्या एमटीसी (शहर) बसमध्ये २०२१ पासून तिकिटाला पैसे लागत नाहीत, त्याला तमिळनाडूचं आधार वगैरे लागत नाही.

पगाराच्या स्लिपवर एक बदल दिसेल, प्रोफेशनल टॅक्स आपल्यासारखा महिन्याला २०० कापत नाहीत, सहामाही कापतात. घाबरू नका, वर्षाची २५०० ची मर्यादा सगळ्या देशाला आहे.

१०. गावी जायची तिकिटं

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. गणपती आणि दिवाळी या दोन्हीच्या तारखा मोजून मोबाईलवर गजर लावा, पोंगलला तर गावी जाणारे आपण एकटेच नसतो, सगळं चेन्नई बाहेर पडतं. तिकिटावर सेंट्रल आहे की एग्मोर ते बघा. दोन्ही मोठी स्टेशनं आहेत, जवळजवळ आहेत, आणि रिक्षावाल्याला नुसतं "स्टेशन" म्हटलं तर तो कुठेही नेईल. एग्मोरचं तमिळ नाव एळुंबूर, पाटीवर तेही दिसतं.

मिरजेच्या लोकांसाठी एक जादा: चेंगलपट्टूच्या लोकलवर सिंगपेरुमाळ कोविल नावाचं छोटं स्टेशन लागतं. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांनी १९३७ ला प्रवासात तब्येत बिघडली म्हणून उतरून तिथल्याच फलाटावर देह ठेवला, आणि मग त्यांना आपल्या मिरजेला आणलं. आम्ही एका रविवारी मुद्दाम लोकलने गेलो, फलाटावर बसून डबा खाल्ला, परतीचं तिकीट काढलं. स्टेशनमास्तरांनी विचारलं काय काम काढलंत. माझ्या तमिळमध्ये सांगायचा प्रयत्न केला, त्यांना फक्त "मिरज" एवढं कळलं, म्हणाले "सरी, सरी. साप्टिंगळा?"